थव्याने राहणारे लहान मासे : घरच्या टाकीत त्यांची जोपासना

धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालून बोरी नदी वाहते. तिच्या पात्रात घातलेला दगडी बांध आणि त्या बांधाच्या पोटात १६१३ साली बांधून पूर्ण झालेला पाणीमहाल पाहण्यास दुरून लोक येतात. पाणी अडविण्याची आणि राखण्याची ही जुनी विद्या आपल्या परिचयाची आहे. त्या पाण्यातील लहान जिवांची ओळख मात्र आपल्याला थोडी असते. बोरी पुढे भीमेस मिळते, आणि भीमेच्या खोऱ्यातील नद्यांच्या उथळ, संथ पाण्यात बोटभर लांबीचे रुपेरी मासे मोठ्या संख्येने एकत्र फिरत असतात. काठावरच्या माणसाची सावली पडली की सारा थवा एकाच क्षणी वळतो आणि दिसेनासा होतो.

असे लहान, शांत स्वभावाचे मासे घरात काचेच्या टाकीत पाळण्याची हौस आता खेड्यांतही दिसू लागली आहे. सोलापूरसारख्या शहरातील दुकानातून मुले पिशवीत चार मासे घेऊन येतात. बहुधा दोन एका जातीचे, एक दुसऱ्या जातीचा व एक तिसऱ्या जातीचा. आठ-पंधरा दिवसांत ते एकामागून एक मरतात. मग कोणी दुकानदारास दोष देतो, कोणी पाण्यास, तर कोणी आपल्या नशिबास. वास्तविक पाहता या मरणाची मुख्य कारणे दोनच असतात. एक, थव्याने राहणारा मासा थव्यावाचून ठेवलेला असतो. आणि दोन, पाणी तयार होण्यापूर्वीच त्यात मासे सोडलेले असतात. ही दोन कारणे दूर केली तर बाकीची निगा अवघड नाही.

थव्याचे मर्म

लहान माशांस शत्रू पुष्कळ. वरून खंड्या आणि बगळा, खालून मरळ व शिंगाळा. एकट्या माशास दोनच डोळे. पन्नासांच्या थव्यास शंभर डोळे. कोठूनही धोका आला तरी कोणास तरी तो आधी दिसतो. शिवाय एकसारखे दिसणारे अनेक मासे एकदम वळले म्हणजे शिकाऱ्यास नेमके कोणावर झेप घालावी हे सुचत नाही. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील अगदी सूक्ष्म हालचाल या रेषेतील इंद्रियांस जाणवते. डोळे आणि पार्श्वरेषा यांच्या साहाय्याने प्रत्येक मासा शेजाऱ्यापासून ठरावीक अंतर राखतो आणि त्याच्याबरोबर वळतो.

ज्या जिल्ह्यातून उस्मानाबादी शेळी देशभर गेली, तेथील वाचकांस कळपाचे महत्त्व सांगावयास नको. कळपातून चुकलेली शेळी चारा समोर असूनही खात नाही; ती सारखी मान वर करून ओरडत राहते. माशास ओरडता येत नाही, एवढाच फरक. एकटा पडलेला मासा कोपऱ्यात दडून बसतो, त्याचा रंग फिका पडतो, तो अन्नाकडे पाहत नाही आणि लवकरच रोगास बळी पडतो. म्हणून थव्याने राहणाऱ्या कोणत्याही जातीचे निदान सहा मासे एकत्र ठेवावेत. आठ ते दहा ठेवल्यास अधिक उत्तम. लहान टाकीत चार जातींचे दोन-दोन मासे ठेवण्यापेक्षा एकाच जातीचे आठ मासे ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. त्यात शोभाही अधिक आहे, कारण थव्याची खरी चाल तेव्हाच पाहावयास मिळते.

जातींची निवड

आपल्या भागातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त असते आणि त्याचा सामू सातच्या वर असतो. अशा पाण्यात कोणता मासा सुखाने राहील, हा विचार आधी करावा, रंगाचा नंतर.

नवशिक्याने सुरुवात झेब्रा माशापासून करावी. सोनेरी-रुपेरी अंगावर निळे आडवे पट्टे असलेला हा मासा साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब होतो. तो मूळचा भारतीय उपखंडातील असून फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जड पाणी, हिवाळ्यातील गारवा आणि नवशिक्याच्या लहानसहान चुका तो सहन करतो. टिक्टो हा आपल्या नद्यांत आढळणारा, पाच-सहा सेंटिमीटरांचा रुपेरी मासा. कल्ल्याच्या मागे एक व शेपटीजवळ एक असे दोन काळे ठिपके ही त्याची खूण. तोही शांत व काटक आहे. गुलाबी छटेचा रोझी बार्ब थंडी चांगली सोसतो, परंतु तो अधिक वाढत असल्याने त्यास तीन फूट लांबीची टाकी हवी.

कुशीवर काळी रेघ असलेली दांडवण दिसण्यास सुंदर असली तरी ती दहा सेंटिमीटरांच्या पुढे वाढते. लहान टाकीत ती कोंडू नये. चपट्या अंगाची अळकूट हाताळणीत खवले गळून मरते, आणि वाचली तरी टाकीबाहेर उडी घेते. तिचे स्थान नदीतच आहे. दुकानात चमकणारा निऑन टेट्रा हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ, किंचित आम्ल पाण्यातला रहिवासी आहे. त्यास आपले जड पाणी व हिवाळ्यातील थंड रात्री मानवत नाहीत. टायगर बार्ब थव्याने राहतो खरा, पण इतरांचे पर कुरतडतो. त्यास शांत मासा म्हणता येणार नाही.

माशांची देशी नावे गावोगाव बदलतात, म्हणून नावापेक्षा वर्णनावर भर द्यावा. एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगण्यासारखी आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी अनेक जातींस येथील लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. अल्कूटी, बालूकी, कोलुस, नुक्ता, सींघाला अशी ती नावे आहेत. दख्खनच्या नदीकाठच्या माणसांचे ज्ञान अशा रीतीने जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसले.

टाकी आणि तिची जागा

गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवू नयेत. त्यात हवेशी संबंध येणारा पाण्याचा पृष्ठभाग लहान असतो आणि थव्यास सरळ पोहण्यास लांबी मिळत नाही. साठ सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर उंच अशी टाकी घ्यावी. वरून पाच सेंटिमीटर जागा सोडून ती भरली असता सुमारे ४५ लिटर पाणी मावते. आठ ते दहा झेब्रा माशांस एवढे पाणी पुरते. त्याहून अधिक गर्दी करू नये. वाळू व काच धरून भरलेल्या टाकीचे वजन साठ किलोंच्या वर जाते. म्हणून टेबल भक्कम व समपातळीत असावे, आणि काचेखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा.

टाकी खिडकीतील उन्हात ठेवू नये. पाणी तापते व शेवाळ माजते. वर जाळीचे किंवा काचेचे झाकण असावे, कारण झेब्रा मासा उडी मारतो.

तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढी जाड वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन पाच सेंटिमीटर पसरावी. दगड ठेवावयाचे असल्यास त्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फसफसून बुडबुडे आले तर तो चुनखडीचा कंकर समजावा व टाकीत घालू नये; आधीच जड असलेले पाणी त्यामुळे आणखी जड होते. आपला काळा दगड चालतो. हायड्रिलासारख्या पाणवनस्पती लावाव्यात. त्या मळ शोषतात आणि माशांस आडोसा देतात. बाहेरून आणलेली वनस्पती फिकट गुलाबी पोटॅशच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून मग स्वच्छ धुवावी, म्हणजे गोगलगाई व चतुराचे डिंभ आत येण्याचा संभव कमी होतो. चतुराचे डिंभ लहान मासे खातात.

पाणी तयार करणे

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि सर्वांत अधिक दुर्लक्ष येथेच होते. माशाच्या शरीरातून, उरलेल्या अन्नातून व कुजणाऱ्या पानांतून पाण्यात अमोनिया उतरतो. अमोनिया माशास विष आहे. पाण्यात व वाळूत राहणारे उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात निरुपद्रवी असते. शेतकऱ्यास ही साखळी नवी नाही. शेणखत व युरिया जमिनीत घातल्यावर अमोनियाचे नायट्रेट होऊन पिकास मिळते, तीच ही क्रिया. जमिनीत हे जीवाणू आधीच असतात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात, आणि त्यांची वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

जड पाण्यात या कामी अधिक सावधगिरी हवी. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की एकूण अमोनियापैकी विषारी स्वरूपात असणारा भाग सुमारे दहापट होतो. ज्या चुकीची सामू सात असलेल्या पाण्यात क्षमा होते, तीच आपल्या विहिरीच्या पाण्यात प्राणघातक ठरते.

यासाठी पुढीलप्रमाणे करावे. टाकीत वाळू, वनस्पती व पाणी घालून हवेचा पंप आणि त्यास जोडलेला स्पंजचा गाळा सुरू करावा. मासे न सोडता एक दिवसाआड चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे. ते कुजून निर्माण होणाऱ्या अमोनियावर जीवाणू वाढतात. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असल्यास तिच्यातील वापरलेला स्पंज पिळून त्याचे पाणी आपल्या टाकीत घालावे. विरजण लावल्यासारखा त्याचा उपयोग होतो. चार ते सहा आठवड्यांनंतर अमोनिया व नायट्राइट तपासण्याचा संच मिळत असल्यास पाणी तपासावे. दोन्ही शून्य आढळल्यास प्रथम सहा मासे सोडावेत आणि दहा-बारा दिवसांनी उरलेले.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. तो मासे व जीवाणू या दोघांसही मारतो. असे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. जारमधून मिळणारे यंत्रशुद्ध पाणी नुसते वापरू नये, कारण त्यात आवश्यक क्षार फारच कमी उरतात. त्या यंत्रातून बाहेर टाकलेले खारे पाणीही माशांस घालू नये.

नवीन मासे आणल्यावर पिशवी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर तिच्यात टाकीचे थोडे थोडे पाणी मिसळत जावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. आधीचे मासे असल्यास नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास तो ठिपक्यांचा रोग होय. आजारी मासे वेगळ्या टबात काढून लिटरमागे दोन ग्रॅम खडेमीठ दोन दिवसांत थोडे थोडे करून विरघळवावे व दहा दिवस तसेच ठेवावे. पाणी बदलताना तेवढेच मीठ पुन्हा घालावे.

रोजची निगा

अन्न दिवसातून एक वा दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. भुकेने मरणाऱ्या माशांपेक्षा जादा अन्नाने नासलेल्या पाण्यात मरणारे मासे अधिक असतात. आठवड्याच्या कोरड्या दिवशी रांजण व हौद रिकामे करताना सापडणाऱ्या डासांच्या अळ्या गाळून, धुऊन माशांस घालाव्यात. त्यांस ते आवडते खाद्य आहे. मात्र खाद्यासाठी म्हणून घरात अळ्या वाढवू नयेत.

आठवड्यातून एकदा दहा ते बारा लिटर पाणी काढून तेवढेच नवे घालावे. केवळ उडून गेलेले पाणी भरत राहणे पुरेसे नाही. पाणी वाफेने जाते व क्षार मागे राहतात. निचरा नसलेली बागायत जमीन चोपण कशी होते हे ज्याने पाहिले आहे, त्यास टाकीचे पाणी दिवसेंदिवस खारट का होते हे सांगावे लागणार नाही. स्पंज पंधरा दिवसांनी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्याखाली धुतल्यास त्यातील जीवाणू मरतात.

उन्हाळा हा खरा कसोटीचा काळ. पाणी जसे तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंश सेल्सिअसला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तर तीस अंशांस साडेसात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत अन्न कमी करावे, टाकी घराच्या आतील गार भागात ठेवावी आणि बाहेरून तीन बाजूंना ओले फडके लावावे. वीज गेल्यास तांब्याने पाणी काढून हातभर उंचीवरून धार धरावी. दर अर्ध्या तासाने असे केल्यास काही तास निभावतात.

फवारणीच्या औषधांविषयी विशेष सूचना द्यावीशी वाटते. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माणसाच्या मानाने माशांस अतिशय घातक आहेत. फवारणी करून आल्यावर स्नान करून कपडे बदलल्यावाचून टाकीत हात घालू नये. डासांच्या वड्या व उदबत्त्यांतही याच वर्गातील औषधे असतात. टाकी असलेल्या खोलीत त्या लावू नयेत.

पाण्याचा हिशेब

२०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात हौसेसाठी पाणी खर्च करावे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, टाकीतून काढलेले पाणी वाया जात नाही. त्यात नायट्रेट असते, म्हणजे ते पातळ खतच होय. तुळस, कढीपत्ता व परसबागेतील भाजीस जे दहा लिटर पाणी घालावयाचे, ते आधी टाकीतून फिरवून आणावे. मीठ वा औषध घातलेले पाणी तेवढे झाडांस घालू नये. टंचाईच्या वर्षी मासे वाढवू नयेत. आहेत तेच कमी अन्नावर व भरपूर वनस्पतींत सांभाळावेत.

नदीशी आपले कर्तव्य

टाकीसाठी नदीतून मासे धरण्यापेक्षा टाकीतच पैदास झालेले मासे विकत घ्यावेत. जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात. त्यांच्या परवानगीवाचून जाळे टाकणे योग्य नव्हे. हौसेचा भार नदीवर पडला म्हणजे काय होते, याचे उदाहरण केरळात आहे. तेथील नद्यांतील डेनिसन बार्ब हा थव्याने राहणारा मासा ‘मिस केरळ’ या नावाने परदेशी इतका विकला गेला की नद्यांत तो दुर्मिळ होऊ लागला, आणि २००८ साली केरळ शासनास त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले.

याच्या उलट चूक त्याहून घातक आहे. हौस संपली, घर बदलले किंवा मासे फार झाले म्हणजे काही जण पुण्य समजून ते नदीत वा विहिरीत सोडतात. टिलापिया हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली अन्नासाठी भारतात आणला गेला. आज अनेक जलाशयांत त्याने देशी माशांची जागा घेतली आहे. काच साफ करतो म्हणून टाकीत ठेवला जाणारा चोषक तोंडाचा परदेशी मासाही लोकांनी सोडून दिल्यामुळे देशातील अनेक जलाशयांत पसरला असून मच्छीमारांची जाळी फाडतो. एका टाकीतील दोन माशांनी काय होणार, असे म्हणू नये. रोग व परकी जाती थोड्यांतूनच पसरतात. नको असलेले मासे दुकानदारास परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावेत. टाकीतील वनस्पतीही ओढ्यात न टाकता वाळवून खतात घालाव्यात.

शाळा व ग्रामकार्यकर्ते

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेत अशी एक टाकी मांडून घेतल्यास एरवी शब्दांनी पटविण्यास कठीण अशा अनेक गोष्टी मुलांस डोळ्यांनी दिसतील. झेब्रा माशाची अंडी पारदर्शक असतात. नर-मादी सायंकाळी तळाशी गोट्या पसरलेल्या उथळ भांड्यात ठेवले असता पहाटे उजेड होताच मादी अंडी घालते आणि ती गोट्यांच्या फटीत पडून सुरक्षित राहतात. मग मोठे मासे काढून घ्यावेत, नाही तर ते स्वतःचीच अंडी खातात. दुसऱ्या दिवशी चांगल्या भिंगातून अंड्यातील जिवाचे लहानसे हृदय धडधडताना दिसू शकते, आणि दोन-तीन दिवसांत पिले बाहेर येतात. याच पारदर्शकतेमुळे हा आपल्याकडील मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळला जातो.

ज्यांस पुढे जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांची पैदास करावयाची असेल, त्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला होता. परंतु धंद्याचा विचार करण्यापूर्वी एक टाकी, एक जात व दहा मासे एक उन्हाळाभर जिवंत राखून दाखवावेत.

थोडक्यात सांगावयाचे तर, आधी पाणी तयार करावे, मग मासे आणावेत. आणावयाचे तर थवाच आणावा. अन्न थोडे व पाणीबदल नियमित ठेवावा. आणि टाकीतील काहीही नदीत जाऊ देऊ नये. एवढे नियम पाळणाऱ्या घरी मुलांस थव्याचे वळणे पाहावयास मिळेल, आणि बोरीच्या पाण्यातील थवेही आपल्या जागी सुरक्षित राहतील.